घोड्याच्या नाकावरची माशी

'नाकावर माशी बसू न देणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करून घ्यायचा आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. पण नाकावर बसलेली माशी हाकलण्याचीही मुभा नसलेला एक प्राणी शतकानुशतके माणसाला पाठीवर घेऊन उन्हातून धावत आला, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. घोड्याचा इतिहास आपण वाचतो तो मोहिमांचा आणि लढायांचा. त्याच घोड्याच्या अंगावर बसणाऱ्या माशीचा इतिहास क्षुल्लक वाटतो. तो थोडा उलगडून पाहिला, तर सत्ता आणि सहानुभूती यांविषयी बरेच काही हाती लागते.

निसर्गाने घोड्याला या बाबतीत निःशस्त्र ठेवलेले नाही. लांब केसांचे शेपूट मागची बाजू राखते, आयाळ मान राखते, कपाळावर रुळणारे केस डोळे राखतात. माशी बसली असेल तिथली कातडी त्याला थरथरवता येते. उन्हाळ्यात दोन घोडे एकमेकांच्या शेपटाकडे तोंड करून उभे राहतात, तेव्हा एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडावरून फिरत असते. स्वार खोगीर कसतो, लगाम चढवतो आणि या व्यवस्थेचा मोठा भाग काढून घेतो. मान त्याच्या मुठीत जाते, सोबती मागे राहतो. मग जे काढून घेतले त्याची भरपाई सुरू होते : कपाळपट्टीला लोंबत्या दोऱ्यांची झालर, कानांवर विणलेली टोपी, अंगावर जाळीची झूल, स्वाराच्या हातात केसांची चवरी. आणि भरपाईची वस्तू हळूहळू शोभेची होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच अभ्यासक्रमात आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथाचे घोडे असे धावतात की, त्यांच्या डोक्यावरील चामरांची टोके हलतही नाहीत. वेगाचे चित्र म्हणून आपण तो श्लोक शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु चामर हे मुळात वारा घालण्याचे, माश्या वारण्याचे साधन. तेही हिमालयातल्या चमरी गाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांचे. एका प्राण्याची माशी हाकलणारी शेपटी दुसऱ्या प्राण्याच्या डोक्यावर अलंकार होऊन बसते आणि तिचे न हलणेच वाखाणले जाते.

ग्रीक परंपरेत मोठेपण मिळाले ते थेट माशीला. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त तो अथेन्स नगरीला मोठ्या, जातिवंत पण सुस्तावलेल्या घोड्याची उपमा देतो आणि स्वतःला त्या घोड्याला चावून जागे ठेवणारी गोमाशी म्हणवतो. सत्तेला टोचणाऱ्या विचारवंतासाठी ही प्रतिमा आजही वापरली जाते. आपण सारे वाचक साहजिकच माशीच्या बाजूचे होतो. घोड्याला काय वाटले असेल, हा प्रश्न त्या रूपकात उद्भवतच नाही.

तो प्रश्न विचारला ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेने. चौदाव्या वर्षी पडून पायाला इजा झाल्यामुळे तिला चालणे कठीण झाले. कुठेही जायचे तर घोडागाडीवाचून गत्यंतर नव्हते. ज्याच्या बळावर आपले हिंडणेफिरणे चालते, त्या प्राण्याकडे तिने निरखून पाहिले. १८७७ मध्ये तिची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १८७८ मध्ये ती वारली. कादंबरीचा निवेदक घोडाच आहे. तिच्यात सर ऑलिव्हर नावाचा एक म्हातारा घोडा भेटतो. त्याचे शेपूट लहानपणीच, केवळ 'फॅशन' म्हणून छाटलेले आहे. वेदना तर झालीच. पण त्याचे खरे दुःख पुढचे आहे. माश्या अंगावर बसून चावत राहतात आणि त्यांना झटकायला आता काही उरलेले नाही, हे दुःख जन्मभराचे. लगाम गाडीवाल्या घोड्याच्या शेपटात अडकतो, असा एक व्यवहारी बचाव त्या काळी केला जाई. स्वारीच्या घोड्यांचे शेपूट मात्र डौलासाठीच छाटले जाई. ब्रिटनमध्ये या प्रथेवर कायद्याने बंदी यायला १९४९ साल उजाडले. कादंबरी आणि कायदा यांत बहात्तर वर्षांचे अंतर आहे. साहित्याने समाज बदलतो का, या आपल्या आवडत्या चर्चेत हा आकडा लक्षात ठेवावा, असे आम्हांला वाटते. बदलतो, पण तोवर घोड्यांच्या किती पिढ्या जातात!

माशी म्हणजे केवळ त्रास नव्हे, हेही याच काळात उघड झाले. १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याला, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान भागात, 'सर्रा' रोगाने खंगणाऱ्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी आढळला. १८८९ मध्ये पुण्यात 'इंपीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली आणि तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा अभ्यास हाती घेतला. १८९३ मध्ये ही संस्था कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला गेली. हा रोग गोमाश्यांमुळे पसरतो, हे १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखवले. त्याची रीत विलक्षण आहे. गोमाशीचा चावा इतका झोंबतो की घोडा तिला पोटभर पिऊ देत नाही. अर्धवट उठलेली ती माशी रक्ताने माखलेल्या सोंडेनिशी शेजारच्या घोड्यावर जाऊन बसते. म्हणजे आपल्या घोड्यावरची माशी हाकलली, तरी दुसऱ्याचा घोडा वाचेलच असे नाही. एकट्यापुरते वारण सारा तबेला वाचवू शकत नाही.

हा शोध अजून चालू आहे. २०१९ मध्ये टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घालून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माश्या घोड्यांजवळ नेहमीइतक्याच आल्या. पट्ट्यांवर मात्र फारच कमी उतरल्या, कारण ऐन उतरताना त्यांना वेग आवरता येईना. झुलीने न झाकलेल्या डोक्यावर त्या पूर्वीसारख्याच बसल्या.

म्हणजे नाक शेवटी उघडेच राहिले. तेवढ्यापुरता तरी स्वाराने लगाम सैल सोडावा, घोड्याला मान झटकू द्यावी. 'नाकावर माशी बसू न देणे' याचा वाक्यात उपयोग करून घेताना हल्ली आम्ही वर्गात एवढे जोडतो : हा वाक्प्रचार ज्याचे हात मोकळे आहेत त्याच्यासाठी आहे.