वऱ्हाडांतील हिवाळा आणि पिसवा

दिवाळी सरली कीं वऱ्हाडांतील घरांची मांडणी बदलते. अंगणांतल्या बाजा ओसरीवर येतात, ओसरीवरच्या माजघरांत जातात. गोधड्या आणि घोंगड्या निघतात, आणि दिवेलागणीबरोबर कवाडें लागतात. ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळीं, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीं, याच दिवसांत शेतांतून वेंचलेला कापूसही घरांत येऊन पडे. भाव मनासारखा येईतों तो बाहेर निघत नसे. एका कोपऱ्यांत कापसाचा ढीग, दुसऱ्यांत ज्वारीचीं पोतीं, परसांत सरपणासाठीं रचलेली पऱ्हाटी. माणसाला ऊब मिळावी आणि चार पैसे गांठीला लागावेत म्हणून केलेली ही व्यवस्था आणखी दोन प्राण्यांना फार मानवे. एक उंदीर, आणि दुसरी त्याच्या अंगावरची पिसू.

गृहिणीचें वैर खरें पाहतां ढेकणांशीं. बाज उन्हांत टाकावी, तिच्या सांध्यांत आधणाचें पाणी ओतावें, हा उपाय घरोघर ठाऊक होता. धान्यांतील किड्यांसाठीं कडुनिंबाचा पाला होता, उवांसाठीं फणी होती. पिसवेला मात्र वैरी म्हणण्याइतकी किंमत कोणी दिली नव्हती. ती चावली तर अंग खाजवावें आणि पांघरूण झटकून पुनः निजावें, एवढेंच. शेणानें सारवलेल्या जमिनीच्या भेगांत, धुळींत आणि कचऱ्यांत तिच्या अळ्या वाढतात, ही गोष्ट कोणाच्या ध्यानींमनींही नव्हती.

१८९६ सालीं मुंबईंत गांठीचा ताप प्रगट झाला. मुंबईहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ पासून चालू होता. अकोला आणि बडनेरा हीं त्याच मार्गावरचीं ठाणीं. खामगांवची शाखा लॉर्ड मेयो यांनीं १८७० मध्यें उघडली होती. कापसाच्या हंगामांत या वाटेनें व्यापारी, हमाल, मजूर यांची अखंड ये-जा असे. रेल्वेनें आलेल्या मालाबरोबर, विशेषतः धान्याचीं पोतीं आणि मोकळीं बारदानें यांच्याबरोबर, उंदीर व पिसवाही येत.

रोग येण्यापूर्वीं त्याची दहशत आली. १८९७ च्या उन्हाळ्यांत पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तानें जो छळ झाला आणि त्यांतून रँड यांचा जो खून झाला, त्याची वार्ता वऱ्हाडांत घरोघर पोहोंचली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. आणि टिळक त्या वेळीं तुरुंगांत होते. प्लेगपेक्षां प्लेगच्या शिपायाची भीति अधिक, अशी लोकांची मनःस्थिति होती, आणि ती निष्कारण नव्हती.

सरकारचा सारा रोख घाणीवर होता. फिनेल, कार्बोलिक, चुना, सामानाची होळी, रोग्याला उचलून नेणें, हे उपाय. जंतु कोणता हें १८९४ सालींच हाँगकाँगांत येर्सिन यांनीं दाखविलें होतें. तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. १८९८ च्या जून महिन्यांत कराचीस पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरानें रोगी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांस शिवूं शकणार नाहींत, पण पिसवा मधून जाऊं शकतील, अशा रीतीनें एकाच भांड्यांत ठेवले. निरोगी उंदीर प्लेगनें मेला. एवढ्या सरळ प्रयोगावर त्या वेळच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनीं विश्वास ठेवला नाहीं. पुढें सात-आठ वर्षें चुना आणि कार्बोलिक यांचेंच राज्य चाललें. तेवढ्या अवधींत जीं माणसें गेलीं, त्यांचा जाब त्या तज्ज्ञांकडे मागावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

१९०५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेंत नवें संशोधनमंडळ बसलें. प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या गेल्या. पिसवा जेथपर्यंत उडी घेतात त्याहून उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील जनावरें वांचलीं, जमिनीलगतचीं मेलीं. पिसू फार तर चार-पांच इंच उडते. जीवन-मरणाचें अंतर तेवढेंच! मंडळाचें काम चालू असतांच १९०७ हें वर्ष उजाडलें. त्या एका वर्षांत हिंदुस्थानांत बारा लाखांहून अधिक माणसें या रोगानें मेलीं.

मग हिवाळाच कां? अमरावती-अकोल्याचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि त्या हवेंत पिसू फार दिवस जगत नाहीं. तिच्या अळ्या तर सुकूनच जातात. थंडींत बंद माजघर तिला हवें तसें मिळे. याहूनही सूक्ष्म कारण १९१४ मध्यें बॅकॉट आणि मार्टिन यांनीं शोधलें. प्लेगचे जंतु पिसवेच्या अन्नमार्गांत वाढतात व त्यांचें बूच बसतें. प्यालेलें रक्त पोटांत उतरत नाहीं. भुकेनें वेडी झालेली ती पुनः पुनः चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतुमिश्रित रक्त उलट जखमेंत सोडते. हवा सुमारें २७-२८ अंशांवर गेली कीं हें बूच टिकत नाहीं, असें पुढच्या संशोधकांना आढळलें. म्हणून चैत्राची ऊन्हें तापलीं कीं सांथ आपोआप ओसरे. लोक तें देवीच्या कृपेवर घालीत, अधिकारी आपल्या चुन्यावर.

शास्त्रज्ञांच्या आधीं एक गोष्ट मात्र खेड्यांतील माणसाला कळली होती. घरांत ‘उंदीर पडला’ कीं गांव सोडावयाचा. तुराट्यांच्या आणि कडब्याच्या ताट्या उभारून शेतांत राहावयाचें. हा उपाय खरा होता. उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवांना रिकाम्या घरांत माणूसच मिळत नसे. परंतु त्याची किंमत कोण सांगणार? पौषाच्या कडाक्यांत म्हातारे आणि तान्हीं मुलें उघड्या शेतांत, आणि वर्षाची कमाई, तो कापसाचा ढीग, मागें बंद घरांत. तो चोरांनीं नेऊं नये म्हणून एखादा कर्ता पुरुष रात्रीं घरांत जाऊन निजे, एखादी बाई राहिलेलें भांडें आणावयास आंत शिरे. कवाड उघडतांच त्या पिसवा अंगावर चढत. अशा मृत्यूला लोक दैव म्हणत, आणि पुष्कळदां तें कापसाच्या भावाचें कोष्टक असे.

सधन घरांचाही धीर सुटे. दादासाहेब खापर्डे यांच्या पत्नी शिर्डीस असतां धाकट्या मुलाला ताप भरून गांठ आली, आणि घाबरून त्या अमरावतीस परत निघूं लागल्या, हा प्रसंग दाभोळकरांच्या साईसच्चरितांत आहे. पुढची कथा श्रद्धेची. इतिहासाला त्यांतून एवढें दिसतें, कीं गांठीपुढें शहर, शिक्षण आणि पैसा यांचा उपयोग फारसा नव्हता.

हाफकिन यांची लस होती. १८९७ च्या जानेवारींत त्यांनीं ती प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. पण १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं, आणि टोंचणाऱ्याला पाहून दार लावून घेण्यास साऱ्या देशाला एक निमित्त मिळालें. पिसवांवर राकेल व साबण यांचें मिश्रण जमिनीवर शिंपडण्याची शिफारस पुढें झाली. उंदरांना पिंजरे आणि विष आलें; जीवहत्या नको म्हणणारे शेजारी रात्रीं पिंजरे उघडूनही देत.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आलें. १९५३ पासून हिंवतापाच्या मोहिमेंत घरोघरच्या भिंतींवर तें फवारलें गेलें. मोहीम डांसांवर होती. पिसवा आयत्याच मेल्या, आणि प्लेग हळूहळू दिसेनासा झाला. गृहिणींना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: ढेकूण मेले होते! तो आनंद थोड्याच वर्षांचा ठरला, कारण ढेकणांनीं तें विष पचविलें.

१९९३ च्या लातूर-धाराशिवच्या भूकंपानंतर लोक पडझड झालेल्या घरांतून बाहेर राहूं लागले, आंत धान्य राहिलें, आणि उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या रोग्यांचा संशय येण्यापूर्वींच गांवकऱ्यांनीं तक्रार नोंदविली होती. ती तक्रार पिसवांची होती.