वाऱ्याची वर्दी

चिपाड वाळलं की नाही हे आमचे आबा कानाने ओळखायचे. मूठभर उचलायचं, कानाशी नेऊन आवळायचं. करकर वाजलं तर चुलवाणात जायला मोकळं. नुसतंच दबलं तर अजून एक ऊन पाहिजे. ४ डिसेंबर २०१७च्या संध्याकाळी माझा चुलतभाऊ पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या आमच्या गुऱ्हाळापुढे तसाच उभा होता. एका कानाशी चिपाडाची मूठ, दुसऱ्या हातात फोन. फोनवर ओखी चक्रीवादळाची बातमी. केरळ-तमिळनाडूचा किनारा झोडपून ते अरबी समुद्रातून गुजरातच्या रोखाने वर सरकत होतं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, सिंधुदुर्ग इथल्या शाळांना दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली होती. आदल्याच दिवशी दत्तजयंती झालेली. एरवी या दिवसांत भुलेश्वरचा डोंगर इतका स्वच्छ दिसतो की देवळाचा कळसही मोजून घ्यावा. त्या संध्याकाळी तो ढगात बुडाला होता.

गुऱ्हाळ न पाहिलेल्यांसाठी सांगते. उसाचा रस काढल्यावर उरतं ते चिपाड, आणि तेच आमचं जळण. ते अंगणभर पसरून उन्हात वाळवायचं आणि त्याच्यावर रसाची काहील उकळायची. चिपाड भिजलं की चुलवाण नुसतं धुमसतं. काहिलीतला रस अर्धा आटलेला असताना जाळ बसला, तर त्याचा गूळ धड होत नाही. आणि पिळलेला रस थांबत नाही. काही तासांत आंबायला लागतो. पसरलेलं सगळं चिपाड गोळा करून गंज लावायची, वर ताडपत्री ओढून दोर बांधायचे, म्हणजे पंधरा माणसांचा अर्धा दिवस जातो. पाऊस आला नाही तर तो अर्धा दिवस फुकट, शिवाय झाकल्यामुळे एक ऊन चुकलं ते वेगळंच.

म्हणून त्या संध्याकाळी चुलवाणाभोवती वाद पेटला. गूळ शिजवणारा गुळव्या म्हणत होता, आत्ताच्या आत्ता झाका. बांधापलीकडचे काका म्हणाले, "समिंदर कुठं, यवत कुठं. मागल्या पावसाळ्यात किती येळा सांगितलं, पडला का?" एक तरुण पोरगा सांगत होता की खासगी अंदाजवाला बरोबर सांगतो, सरकारी खातं चुकतं. दुसरा म्हणाला, त्या खासगीवाल्याच्या नादाने आमचा कांदा भिजला. शेवटी भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तू पुण्याला ऱ्हातीस. इचार त्या खात्याला, यवतला येणार का न्हाई, एवढंच सांगा."

मला आबांची गोष्ट आठवली.

आबा साल आकड्यांत सांगत नसत. 'गांधीबाबाला मारलं त्या सालचा कार्तिक' म्हणायचे. दिवाळी होऊन वीसेक दिवस झालेले, गुऱ्हाळं नुकतीच पेटलेली. दिवेलागणीला यवत स्टेशनचा पॉइंट्समन बांधाबांधाने कंदील हलवत आला. गाव त्याला पैंटमन म्हणे. ड्यूटी सुटली की तो आमच्याकडे गरम गूळ खायला बसायचा, पण त्या दिवशी बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "मास्तरांना तार आलीया. मुंबईकडं तुफान हाय. गाड्या जपून सोडा म्हणून." गावात जाऊन सांग असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचं काम सांधे बदलायचं. तरी तो त्या रात्री चार गुऱ्हाळं फिरला.

तेव्हाही वाद झालाच. आबांच्या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य तिथलं आहे. कुणीतरी म्हणालं, "तार रेल्वेला आलीया, आपल्याला न्हाई." दुसऱ्याने आदल्या रात्रीचा चंद्र आठवला: खळं नव्हतं. तिसऱ्याने मुंग्या पाहिल्या: अंडी घेऊन निघालेल्या नाहीत. सहदेव-भाडळीची वचनं पाठ असलेली माणसं होती ती. आपल्या शिवारापुरतं त्यांचं बघणं बारीक होतं. पण मुंबईच्या समुद्रावर काय उठलंय, ते यवतच्या मुंगीला कळायचं नव्हतं. माझ्या पणजोबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गडी उठवले. चिपाडाची गंज लावून वर पाचट शाकारलं. मध्यरात्री वारा सुटला. आबा तेव्हा बारा वर्षांचे. छपराचा वासा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, असं सांगायचे. सकाळी फडातला ऊस एका अंगाला झोपलेला, जसा कुणी हात फिरवून निजवावा. दोन गुऱ्हाळं आठवडाभर गार होती.

पुढे मी वाचलं: २१ आणि २२ नोव्हेंबर १९४८ला मुंबईला मोठ्या चक्रीवादळाने झोडपलं होतं. तिथी कार्तिकाचीच येते. आबांचं वादळ तेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अशा तारा ज्याच्या अंदाजावर निघत, ते आपलं हवामान खातं १८७५ सालचं. १८६४च्या कलकत्त्याच्या वादळानंतर आणि पाठोपाठच्या दुष्काळांनंतर ते उभं राहिलं. त्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आजही बसच्या कंडक्टरला 'शिमला ऑफिस' म्हणूनच माहीत आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, अंदाजाचं काम पुण्यात राहिलं. भवानी पेठेत गुळाच्या ढेपा उतरवायला गेलेले आबा एकदा मुद्दाम ते ऑफिस बघायला चालत गेले होते. फाटकाबाहेर उभे राहून मनोरा पाहिला आणि परत आले. आत जाऊन काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही. तार रेल्वेला येते, बंदराला जाते, आपल्याला येत नाही, हे त्यांच्या पिढीने धरूनच ठेवलं होतं.

ते अंतर कमी करायचे प्रयत्न झाले, तेही आपल्याच भागात. १९४५पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचं निवेदन सुरू झालं. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. पुण्यासह पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा माणसं रेडिओपुढे बसायची, अर्धा तास ऐकायची आणि मग आपसांत बोलायची: हे आपल्याला कसं लागू पडतं, उद्या काय करायचं, आणि काय पटलं नाही. न पटलेलं आकाशवाणीला कळवायचं. मला ही कल्पना आजही मोठी वाटते. बातमी आणि गाव यांच्यामध्ये अर्धा तास बोलण्याची जागा ठेवलेली होती. आज बातमी सेकंदात पोहोचते, पण ती जागा कुणी राखून ठेवलेली नाही. मग तोच वाद चुलवाणाभोवती होतो, आणि त्यात उत्तर देणारं कुणी नसतं.

आजीची गोष्ट आबांच्या गोष्टीच्या उलटी. तिचं माहेर राहूचं, मुळा-मुठेच्या काठचं. तिथून ही नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला गेलं, पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पुण्यातल्या कितीतरी माणसांनी नंतर आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: धरणाला धोका आहे हे आदल्या रात्री माहीत होतं, मग आम्हाला कुणी का उठवलं नाही? चौकशी आयोग नेमले गेले, पण तो प्रश्न त्या पिढीच्या मनातून गेला नाही. आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. ती सांगायची, सडकेवरून कुणी ट्रकवाला ओरडत गेला की पुण्याचं धरण फुटलं. लोक दारात येऊन आभाळाकडे बघायला लागले. नुसती भुरभुर होती. "एवढ्याशा पावसानं पूर कसा यील?" म्हणून अर्धी आळी पुन्हा घरात गेली. नदी आली ती दारं, पाळणे, पत्र्याच्या ट्रंका घेऊन. एका दारावर कडी लावलेली, कुलूप घातलेलं. ते कुलूपबंद दार वाहत गेलेलं आजी कधी विसरली नाही.

खडकवासला गेलं आणि आमचा पाट कोरडा पडला. कित्येक दशकं ज्या कालव्याने यवतच्या खालचं शिवार भिजवलं, मातोबा तलाव भरला, त्यात पोरं गोट्या खेळली. पूर न पाहिलेल्या आमच्या गावालाही तो असा भेटला.

त्या संध्याकाळी मी भावाला सांगितलं ते साधं होतं. बातमीत 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं ऐकलंस ना? त्या शब्दाला माप आहे. भागातल्या पर्जन्यमापकांपैकी पावभर किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, म्हणजे तुरळक. निम्म्यापर्यंत असेल तर काही ठिकाणी, त्याहून पुढे पाऊण भागापर्यंत अनेक ठिकाणी, आणि मग सर्वत्र. म्हणजे तुरळक म्हटलं की चारातल्या तीन गावांत तो पडणारच नाही. ती तीन गावं म्हणणार अंदाज चुकला, चौथं काही म्हणणार नाही, कारण ते भिजलेलं आवरत बसलेलं असेल. इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हाललंच पाहिजे. भाऊ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "हे शाळंत शिकवत का न्हाईत?" मी शिक्षिका आहे. मला उत्तर देता आलं नाही.

त्याच साली जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं, पाऊस आला नाही, बियाणं-खत मातीत गेलं. त्या तक्रारीवर शहरात लोक हसले तेव्हा मला राग आला होता. अंदाज म्हणजे वचन नव्हे, हे खरं. पण ज्याने घरातलं शेवटचं बी मातीत टाकलं, त्याने दाद मागायची कुठे? श्रोतामंडळ असतं तर तो तिथे बोलला असता. ते नाही, म्हणून पोलीस चौकीत गेला.

आणि ओखीचाच वाद बघा. खातं म्हणत होतं, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये हे आम्ही २९ नोव्हेंबरला कळवलं होतं. केरळ सरकार म्हणत होतं, चक्रीवादळ हा शब्द ३० तारखेच्या दुपारी आमच्या हाती आला. पण खोल समुद्रातल्या बोटी त्याच्या कितीतरी दिवस आधी निघून गेल्या होत्या. किनाऱ्यावरून कुणी काहीही बोललं तरी त्यांना ते ऐकू जाणार नव्हतं. त्यांवरचे कितीतरी जण परत आलेच नाहीत. साठाहून अधिक बोटी भरकटत आपल्या देवगडच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्यांत नऊशेच्या वर माणसं होती. त्यांची भाषा देवगडला कळत नव्हती, तरी भाताची पातेली चढली. मी हे भावाला सांगत होते, तेव्हा गुळव्याने काहिलीतला झारा बाजूला ठेवला होता.

भावाने गंज लावली. रात्री दहापर्यंत सगळे राबले, मीही राबले. ताडपत्रीच्या कोपऱ्यांना दगड ठेवताना हात चिपाडाने ओरबाडले गेले. दुसऱ्या दिवशी ओखीचं बळ समुद्रावरच ओसरलं. मुंबईत दिवसभर पाऊस लागला, सहा डिसेंबरसाठी दादरला आलेल्या माणसांना पालिकेच्या शाळांमध्ये आसरा घ्यावा लागला, नाशिककडे द्राक्षांची चिंता पसरली. आमच्याकडे चार थेंब. ताडपत्रीच्या खळग्यात ओंजळभर पाणी साचलं होतं. बांधापलीकडच्या काकांनी काहीच झाकलं नव्हतं, आणि त्यांची काहील आमच्याआधी चढली. भावाने मजुरांना त्या अर्ध्या दिवसाची पूर्ण मजुरी दिली. पैसे मोजताना तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी झाकशील का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

आबांच्या गोष्टीचा उरलेला भाग मी त्याला तेव्हा सांगितला नव्हता. पैंटमन दुसऱ्या सालीही आला होता. तसाच कंदील, तशीच तार, तसाच उभ्याउभ्या निरोप. त्या खेपेला सगळ्या गुऱ्हाळांनी चिपाड झाकलं, गडी रात्रभर जागले, आणि लख्ख ऊन पडलं. कुणीतरी त्याला तोंडावर शिव्या घातल्या. तो गूळ खायला यायचा बंद झाला. मग पणजोबांनी आबांच्या डोक्यावर ढेप दिली आणि स्टेशनच्या चाळीत पाठवलं. आबा सांगायचे, रूळ ओलांडताना ढेपेच्या ओझ्याने मान दुखत होती, आणि पैंटमनच्या बायकोने ती ढेप दोन्ही हातांनी उतरवून घेतली.

मी लहानपणी दर वेळी विचारायचे, "मग तिसऱ्या साली आला का तो?"

"आला की," आबा म्हणायचे. "दर साली यायचा. बदली हुईपर्यंत."