वेष्टनावरचा फ्रँकेनस्टाइन

एका डीव्हीडीच्या वेष्टनावर ‘फ्रँकेनस्टाइन्स ब्लडी टेरर’ असे नाव ठसठशीत छापले आहे. आतल्या चित्रपटात मात्र फ्रँकेनस्टाइन नाही आणि त्याने घडवलेला राक्षसही नाही. त्यात एक वृकमानव आहे, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस. शिवाय उत्तरार्धात अवतरणारे एक रक्तपिपासू दांपत्य आहे. चित्रपट मूळचा स्पॅनिश. एन्रिके लोपेस एगिलुस यांनी दिग्दर्शित केलेला हा अल्पखर्ची भयपट १९६८ साली ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’, म्हणजे ‘वृकमानवाची खूण’, या नावाने आला. वाङ्मयाच्या अभ्यासकांना याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु वर्षानुवर्षे वर्गात पाठभेद, प्रक्षेप आणि मूळ संहिता हे शब्द उच्चारणाऱ्यांना ही तबकडी पाहताना स्वस्थ बसवत नाही, असा आमचा अनुभव आहे.

वेष्टनावरच्या नावाचा उलगडा सोपा आहे आणि काहीसा हास्यास्पदही. अमेरिकेत हा चित्रपट वितरित करणाऱ्या सॅम शर्मन यांनी चित्रगृहचालकांना फ्रँकेनस्टाइनचा एक चित्रपट देण्याचे कबूल केले होते. हाताशी तसा चित्रपट नव्हता. मग १९७० नंतरच्या त्या पहिल्या एक-दोन वर्षांत या स्पॅनिश वृकमानवाच्या डोक्यावर फ्रँकेनस्टाइनचा मुकुट चढवण्यात आला. आरंभी एक चित्रमय प्रास्ताविक जोडले गेले. फ्रँकेनस्टाइन घराण्याच्या एका शाखेला शाप लागला, तिचे वंशज लांडगे झाले आणि ‘वुल्फस्टाइन’ हे नाव त्यांना प्राप्त झाले, असे त्यात सांगितले जाते. मूळ कथेत वुल्फस्टाइन नावाचा एक जुना वृकमानव होताच. त्याच्या आडनावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर ही सगळी वंशावळ तोलून धरली आहे. आपल्याकडच्या माहात्म्यग्रंथांत एखादे स्थानिक दैवत मोठ्या पुराणाला जोडताना याच जातीची व्युत्पत्ती वापरलेली दिसते. पुढे घरगुती चित्रफितींवर आणि नंतर या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या अमेरिकी डीव्हीडीवर हेच नाव कायम राहिले. प्रक्षेपच ग्रंथनाम होऊन बसला.

इथवरचे प्रकरण कोणताही संपादक निस्तरू शकेल. प्रास्ताविक बाजूला काढावे, मूळ नाव आणि स्पॅनिश ध्वनिपट परत आणावा, संपले. खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे.

या चित्रपटाचे लेखक आणि नायक एकच: हासिंतो मोलिना. जन्म माद्रिदचा, १९३४ सालचा. भारोत्तोलनात त्यांनी नाव कमावले होते. लहानपणी ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ हा १९४३ सालचा हॉलिवुडपट पाहून ते झपाटले, आणि तिशी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःचा वृकमानव लिहिला. तो स्पॅनिश होता. उत्तरेकडच्या आस्तुरियास प्रांतातला होसे उइदोब्रो नावाचा माणूस, असे मोलिना यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा फ्रँकोची राजवट होती आणि पटकथा चित्रीकरणाआधीच अभ्यवेक्षकांच्या नजरेखालून जात असे. त्यांची हरकत वृकमानवाला नव्हती. तो स्पॅनिश असण्याला होती. असे अमंगळ काही घडायचेच असेल तर ते परदेशात घडावे. म्हणून उइदोब्रो गेला आणि वाल्देमार दानिन्स्की हा पोलिश सरदार आला. नटाचे नावही टिकले नाही. जर्मन सहनिर्मात्यांना स्पॅनिश नाव नको होते. तेव्हा ‘पॉल’ हे तत्कालीन पोपकडून आणि ‘नास्ची’ हे एका हंगेरियन भारोत्तोलकाच्या ‘नॉज’ या आडनावावरून घेऊन मोलिना यांचे ‘पॉल नास्ची’ झाले.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (१९१९ ते १९६६) काम करताना डॉ. सुकथनकरांनी एक मर्यादा आखून घेतली होती: हाती येते ती व्यासांची मूळ संहिता नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांवरून जिथवर मागे जाता येते तिथवरचे ते प्राचीनतम रूप. या चित्रपटाच्या बाबतीत ती मर्यादा अधिकच बोचते. येथे पाठभेद पहिल्या प्रतीच्याही आधी घडला. स्पॅनिश वृकमानवाचा एक फूटही चित्रित झालेला नाही; तेव्हा कितीही उत्तम मूळ फीत सापडली आणि तिच्यावरून कितीही स्वच्छ तबकडी निघाली, तरी उइदोब्रो तीत असणार नाही.

आमच्यापैकी काहींचे मत असे की, मग अभ्यवेक्षकांचा पाठ हाच मूळ पाठ मानावा. दानिन्स्की हे पात्र पुढे डझनभर चित्रपटांत आले. १९७१ च्या ‘ला नोचे दे वाल्पुर्गिस’ने तर चांगलाच व्यवसाय केला. त्याचे परकेपण आता त्याच्या शोकांतिकेचाच भाग वाटते. आपल्या माणसांत परका असलेला, दुसऱ्याला वाचवताना चावा घेतला गेल्यामुळे शापित झालेला, आणि अखेरीस जिचे त्याच्यावर प्रेम आहे तिच्याच हातच्या चांदीच्या गोळीने सुटणारा. आम्हाला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पात्र समृद्ध झाले हे खरे. पण त्याचे श्रेय कात्रीला देण्याची घाई आपण करू नये. अभ्यवेक्षणाने साहित्य सूचक होते, हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आम्ही फार वेळा वाचले आहे, आणि ते लिहिणाऱ्याला स्वतः काही गाळावे लागलेले नसते.

एक आणखी गोष्ट. हा चित्रपट त्रिमितीत चित्रित झाला होता. सपाट पडद्यावर पाहणाऱ्यापर्यंत त्याचा तो हेतूच पोहोचत नाही. रंग मात्र पोहोचतात: तळघरांतले जांभळे-हिरवे उजेड, धुके, ओल्या भिंती. खर्च कमी असल्याचे एमिलिओ फोरिस्कोत यांचे छायांकन बऱ्याच वेळा विसरायला लावते.

नास्ची २००९ साली वारले. त्याआधी २००१ मध्ये स्पेनने त्यांना ललित कलांसाठीचे सुवर्णपदक दिले. ज्या देशाने त्यांच्या वृकमानवाला नागरिकत्व नाकारले होते, त्याच देशाने. अर्थात राजवट तोवर बदललेली होती. फ्रँको १९७५ साली वारला आणि १९७७ मध्ये चित्रपटांचे अभ्यवेक्षण रद्द झाले.

दानिन्स्की-चित्रपटांच्या सूचीत १९६८ सालचाच ‘लास नोचेस देल ओम्ब्रे लोबो’ हा दुसरा म्हणून नोंदवतात. तो पॅरिसमध्ये चित्रित झाला असे नास्ची सांगत. त्याची एकही प्रत मिळालेली नाही. तो पाहिलेला प्रेक्षकही पुढे आलेला नाही, आणि तो कधी पूर्ण झालाच नसावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. सूचीतून त्याचे नाव मात्र अजून कोणी काढलेले नाही.