पल्ल्यांची खतावणी

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. फरिदाबादच्या केंद्रात ती जतन केलेली आहे. बातम्यांनी तिच्या अवाढव्यतेचे कौतुक केले. त्या राशीत एखादे जनुक हुडकायचे, तर हाती लागतात ते पूर्णांकांचे पल्ले: अमुक गुणसूत्रावर या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. या पल्ल्यांच्या हिशेबालाही इतिहास आहे, आणि तो दुर्लक्षित राहिला आहे.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर ५२,२५,४६४ ते ५२,२७,०७१ या पल्ल्यात वसते. वजाबाकी येते १,६०७. अक्षरे मात्र १,६०८, कारण दोन्ही टोके मोजायची असतात. नेमक्या याच एका आकड्यावरून संगणकशास्त्रात दोन पंथ पडले. ‘जीएफएफ’ या नोंदपद्धतीत मोजणी एकपासून होते व शेवटचे अक्षर पल्ल्यात धरले जाते. कॅलिफोर्नियात रूढ झालेल्या ‘बेड’ पद्धतीत ती शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा आकडा पल्ल्याबाहेर राहतो. दोन्हींमागे तर्क आहे. घोटाळा होतो तो सरमिसळीत.

सिकलसेल घडवणारा बदल ५२,२७,००२ या स्थानी आहे. लगतच्या ५२,२७,००३ वर बदल झाल्यास उद्भवते ते हिमोग्लोबिन-सी, म्हणजे निराळा आणि तुलनेने सौम्य विकार. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू करणाऱ्या देशाला हा एकाचा फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात ‘आर’ ही सांख्यिकीय संगणनाची भाषा घडवली. २००१ मध्ये जेंटलमन यांच्याच पुढाकाराने जीवशास्त्रासाठी ‘बायोकंडक्टर’ प्रकल्प उभा राहिला. एका जनुकाचे तुकडे म्हणजे पल्ल्यांची एक यादी. मानवाची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार, म्हणून याद्याही तितक्याच. प्रत्येक यादी स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवली, की स्मृती फुगते आणि एकेका यादीतून फिरताना ‘आर’ला धाप लागते.

‘आयरेंजेस’ या संचाने काढलेला तोडगा जुन्या पेढीवरच्या मुनिमालाही पटला असता. खातेदारागणिक वेगळी वही घालण्याऐवजी सर्व पल्ले एकाच अखंड खतावणीत सलग लिहायचे आणि कोणाचे खाते कोठे संपते, एवढेच निराळ्या रकान्यात टिपायचे. मग हजारो याद्यांवरील बेरीज-वजाबाकी एका दमात उरकते. पल्ल्याचा आरंभ आणि रुंदी यांचीच नोंद होते. शेवट त्यावरून काढला जातो. त्यामुळे शून्य रुंदीचा पल्ला, म्हणजे दोन अक्षरांमधली रिकामी फट, हीसुद्धा लिहिता येते. नवी अक्षरे जेथे घुसतात ती जागा दाखवायला तिचाच उपयोग. मायकेल लॉरेन्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

त्याच वर्षाअखेरीस मानवी जनुकसंचाचा नवा संदर्भ-आराखडा आला आणि आकडेच सरकले. सिकलसेलचे स्थान २००९च्या आराखड्यात ५२,४८,२३२ होते. नव्यात ते २१,२३० अक्षरे अलीकडे आले. जुन्या अहवालांतील आकडे अर्थात जुनेच राहिले. म्हणून या कुळातील साधने पल्ल्यासोबत आराखड्याचे नावही बाळगतात, आणि भिन्न आराखड्यांच्या याद्या जोडू पाहणाऱ्यास त्रुटीचा संदेश देऊन थांबवतात. मात्र आराखड्याचे नाव भरलेच नसेल, तर याद्या निमूटपणे एकत्र होतात.