किती घोडी होती, आजी?

आज येळवस. पंचांगात हिला मार्गशीर्ष अमावस्या म्हणतात, सुट्टीच्या यादीत वेळ अमावस्या. लातूरचा माणूस मात्र येळवसच म्हणणार. सकाळचे नऊ वाजलेत आणि तुम्ही गंजगोलाईत उभे आहात. १६ रस्ते येऊन मिळतात त्या गोल बाजारात आज एकही शटर वर नाही. अख्खं शहर रानात गेलंय. तुम्हीही निघा. नांदेडच्या रस्त्याला लागा, चाकूर मागं टाका आणि डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं बिंदगं घेऊन कुणी चाललेलं दिसलं की त्याच्या मागं पांदीत वळा. त्या बिंदग्यात आंबील आहे: ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, वर लसूण-मीठ, रात्रभर आंबून आता फसफसायला लागलेलं.

ओळख नाही म्हणून अडखळू नका. येळवशीला रानातून जाणाऱ्याला ‘तुम्ही कोण’ असं कुणी विचारत नाही. ‘या पाव्हणं, आंबील पेऊन जावा’ एवढंच म्हणतात. म्हणून तर या एका दिवशी कुठल्याही सालात शिरता येतं. आंबील दोन तांबे पोटात गेली की डोळे जड होतात. बांधावरच्या बाभळीखाली आडवं व्हायचं, आणि उठाल तेव्हा मागचं एखादं साल लागलेलं असेल. मी सोबत आहे. शिवार आमचंच आहे.

ही बघा आमची कोप. कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या केल्यात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. हे पाच पांडव. समोर भज्जी, उंडे, खीर, वांग्याचं भरीत. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळेल ती पालेभाजी डाळीच्या पिठात शिजवलेली. वर्षातून एकदाच होते आणि वर्षभर तिची चव जिभेवर राहते. पंगत माझे काका बसवतात. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण माणसं ओळीनं बसलेली दिसली की त्यांचा हात आपोआप वर जातो. “आत सरका, आत सरका! मधी जागा हाय. लेकरू मांडीवर घ्या.” तुम्हालाही सरकावं लागेल.

पहिला घास गेला की पोरं ओरडतात, “काका, घोडी!”

आणि काका आजीची गोष्ट सांगायला लागतात. रझाकारांचं साल. आजी नवी नवरी, पंधरा वर्षांची. डोक्यावर बिंदगं घेऊन एकटी रानात निघालेली. तेवढ्यात घोड्यांची पलटण आली, पुढं खुद्द रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी. आजी बिंदग्यासकट ज्वारीत लपली. ऊन लागून आंबील फसफसली, आणि झाकणी उडाली, फाट्! पलटणीला वाटलं तोफ. घोडी जी उधळली ती थेट हैदराबादला जाऊन थांबली. पोरं हसून हसून कडब्यावर लोळतात. रझवी लातूरला वकिली करायचा, एवढं इतिहासात आहे. बाकीचं आमच्या घरात आहे. आजी आता नाही. पण ही गोष्ट संपेपर्यंत ती पंगतीत असते.

आंबील घ्या. डोळे मिटा.

जानेवारी २०१६

उठलात तर समोर आजीच बसलेली. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, आवाज मात्र बैल हाकण्याएवढा. रान पिवळं पडलंय. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलाय. लातूर शहरात नळाला कधी पाणी येईल याची लोक वाट बघतायत. आजीनं सुनेला बजावलंय, “पाव्हण्याला आंबील दे. पाणी मागितलं तर आनखी आंबील दे.” तुम्ही चुकून पाणी मागता. तुमचा तांब्या पुन्हा आंबिलीनं भरतो.

एका कडेला माझा चुलतभाऊ प्रश्नसंचात डोकं घालून बसलाय. लातूर पॅटर्नचा पोरगा, डॉक्टर व्हायचंय. आजी विचारते, “भज्जी कशी झाली रं?” तो मान वर न करता म्हणतो, “पर्याय सांग.” आजी पळी हातात घेऊन पर्याय सांगते: “एक, चांगली. दोन, लै चांगली. तीन, उपाशी ऱ्हा.” त्यानं दुसरा पर्याय निवडला. पुढं तो डॉक्टर झाला. आजही घरात कुणी ‘कसं झालंय’ विचारलं तर उत्तर येतं, “दोन.”

आजी गोष्ट सांगते, आणि तुम्ही घोडी मोजता. पलटण नाही. रझवीही नाही. “पन्नास घोडी हुती,” ती म्हणते.

तीन महिन्यांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येईल. पहिल्या खेपेला १० डबे, सुमारे ५ लाख लिटर पाणी. आजी स्टेशनवर जाण्याचा हट्ट धरेल. या बाजूला पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची, कुर्डुवाडीवरून मिरजेपर्यंत. तिच्यात बसून आजी पंढरीला गेलेली. “मी त्या गाडीनं इठ्ठलाला गेलते,” ती स्टेशनवर सगळ्यांना सांगेल, “आता त्यानं तिकडून पाणी लावून दिलं.” माणसं हसतील आणि डोळेही पुसतील. पण हे अजून व्हायचंय. तुम्ही बाभळीखाली या.

जानेवारी १९९४

थंडी कडाक्याची. आजीचे केस निम्मे काळे आहेत. सहा वर्षांचा एक पोरगा तिच्या पदराचं टोक मुठीत धरून बसलाय आणि ते सोडत नाही. तो मी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत जमीन हलली. आदल्या रात्रीच गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींनीच घात केला. आमचं गाव लांब, भिंतींना तडे जाण्यावर निभावलं. पण तेव्हापासून सगळं घर अंगणात ताडपत्रीखाली झोपतंय. साधी मांजरीनं पत्र्यावर उडी मारली तरी मी ओरडत उठतो.

आज कोपीत शिरायचं तर मी आत यायला तयार नाही. छप्पर म्हणजे भीती, एवढंच डोक्यात बसलंय. बाप समजावतो, आई चुचकारते. आजी येते, माझ्यासमोर उकिडवी बसते आणि एकदम गंभीर होऊन विचारते, “कोप पडली तर काय हुईल?”

मी गप्प.

“डोक्यावर कडबा पडंल. मग काय करायचं?”

मी गप्प.

“म्हशीला हाक मारायची. ती तुला मोकळं करंल. तिचं पोट भरंल, तू बाहीर येशील, आन् आपला घास टाकायचा वाचंल.”

माझ्या डोळ्यांसमोर म्हैस येते. माझ्या डोक्यावरचा कडबा खाताना, मधेच माझा कान चाटताना. तुम्ही बघताय ना? तीन महिन्यांत तो पोरगा पहिल्यांदा हसतोय. आणि हसत हसत कोपीत शिरतोय. माझी आई तोंड फिरवून उभी आहे; तिला रडू आवरत नाही. माझ्या आठवणीतली ही पहिली गोष्ट. माझं आयुष्यच त्या म्हशीपासून सुरू होतं.

मग घोडी येतात. या साली बारा आहेत.

जानेवारी १९७३

लातूर अजून जिल्हा झालेलं नाही. ते १९८२ मध्ये होईल. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपलीय. कोपीलाही पुरता कडबा नाही, म्हणून या वर्षी पांडवांना चार पेंढ्यांत भागवायला लावलंय. आंबील अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची. माझा बाप अठरा वर्षांचा, हाताला फोड आलेले. आजोबा, आजी, बाप तिघंही खडी फोडायला जातात. पुढच्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर असतील.

आजी पंगतीपुढं उभी राहून मुकादमाचा आवाज काढते आणि हजेरी घेते. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, तेव्हाच पानात पडणार. काका चौदा-पंधराचे; खोड म्हणून गप्प बसतात. आजी पुढं निघून जाते, “खाडा!” काका उठून पानं ओलांडत तिच्या मागं पळतात, “हजर! हजर! दोनदा हजर!” दिवसभर ज्या हजेरीची धास्ती असते, तिच्यावरच सगळं घर पोट धरून हसतं. दुसऱ्या दिवशी खरा मुकादम नाव पुकारील तेव्हा माझ्या बापाला हसू दाबावं लागेल. त्याच हसण्यावर आम्ही तो उन्हाळा काढला, असं तो आजही सांगतो.

नांदेडहून आजीचा भाऊ आलाय, माझ्या बापाचे मामा. उस्मानशाही मिलमध्ये मागावर आहेत. शेकडो मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलाय, आणि ते त्यांना ठाऊकच नाही. आत्यासाठी एक स्थळ आणलंय. ते आजीच्या कानाशी लागून गुपचूप सांगतात, “पोरगा सोन्यासारखा हाय. पर बाप लै कंजूस!”

हे गुपित तीन शिवारांत ऐकू जातं. तिसऱ्या शिवारात पोराचे चुलते आंबील पीत बसलेले. ते तांब्या घेऊन बांध ओलांडत येतात. सगळ्यांचे श्वास थांबतात. चुलते कोपीसमोर बसतात, मिशा पुसतात आणि म्हणतात, “कंजूस न्हाई. हिशोबी हाय. या सालात हिशोबी घरच बघावं.”

आजी त्यांच्या पानात उंडा वाढते. लग्न तिथंच ठरतं. तोंड गोड करायला घरात साखर नाही. खडीच्या कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून ठेवलेली असते. तीच पेढे म्हणून वाटतात. तुमच्याही हातावर चिमूटभर येते. आत्याच्या संसाराला पन्नास वर्षं झाली तेव्हा नातवंडांनी मोठा केक आणला. आत्या म्हणाली, “सुकडी आना रं कुनी.”

घोडी मोजा. पाच.

जानेवारी १९४८

शेवटचा तांब्या. इथं जपून उठा. मोठ्यानं बोलू नका.

देश स्वतंत्र होऊन पाच महिने झाले, पण लातूर-नांदेड नाही. इथं अजून निजामाचं राज्य आहे. मराठवाडा मोकळा व्हायला १७ सप्टेंबर उजाडावा लागेल. गावातले तरणे पुरुष सरहद्दीपलीकडं गेलेत, आजोबाही. काही घरांना कुलपं आहेत. तरी सासूनं आंबील केलीय. रान उपाशी ठेवायचं नसतं. आणि ती नव्या सुनेच्या डोक्यावर दिलीय, कारण घरात दुसरं कुणी नाही. सोबत सहा वर्षांचा दीर.

ज्वारी यंदा पुरुषभर उंच आहे. तुम्ही ताटांच्या आड उभे राहा. ती येतेय बघा. नऊवारीत पाय अडकतायत, एक हात बिंदग्याला, एका हातात दिराचं मनगट. ही आजी. अजून तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. सासरी येऊन चार महिने झाले, ती मान डोलावण्यापलीकडं बोललेली नाही.

टापा वाजतात.

ती दिराला ओढून ज्वारीत बसते. तुमच्यापासून चार हातांवर. तिच्या दातांचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. दिराच्या तोंडावर तिनं हात दाबलाय आणि तो हात थरथरतोय. या गोष्टीवर पंचाहत्तर वर्षं हसलेल्या घरातलं कुणीही ही थरथर पाहिलेली नाही. तुम्ही पाहताय.

टापा जवळ येतात. आणि झाकणी उडते. तोफ वगैरे काही नाही. ओला, बारीक ‘फस्’. त्यासरशी समोरचं जनावर बुजतं. कुणीतरी “या अल्ला!” म्हणत धपकन खाली पडतं आणि काचा फुटल्याचा आवाज होतो.

बराच वेळ कुणी हलत नाही. मग दीर तिच्या हातातून सुटून डोकावतो. वाटेवर बांगड्यावाले चाचा बसलेत. गावोगाव हिंडून लेकीबाळींना बांगड्या भरणारे. शेजारी त्यांचं तट्टू, म्हातारं, एका डोळ्यानं अधू. चाचांचे हातही थरथरतायत. त्यांना वाटलं ज्वारीत कुणी दबा धरून बसलंय. या साली सगळेच सगळ्यांना भितात.

आजी बाहेर येते. काही बोलत नाही. तांब्यात आंबील ओतते आणि पुढं धरते. चाचा पितात. फुटलेल्या काचा तिघं मिळून वेचतात, जनावरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून. दोन बांगड्या शाबूत राहिल्यात. चाचा त्या तिच्या हातात भरतात आणि पैसे घेत नाहीत.

आता रात्रीपर्यंत थांबा. घरात दिवा बारीक केलाय. दीर झोपत नाही. डोळे मिटले की त्याला टापा ऐकू येतात. सासू थोपटून थकली. तेव्हा कोपऱ्यातून एक आवाज येतो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“भावजी, घोडं कसं बुजलं, बघितलं का?”

पोर हुंदका गिळतं. “घोडं न्हवतं. तट्टू हुतं.”

“एक न्हवतं. दोन हुती. दुसरं तर इतकं घाबरलं, उलटं बसलं स्वारावर.”

पोर विचार करतं. घोडं माणसावर बसलेलं त्याला दिसतं. आणि अंधारात त्याचं खुदकन हसणं ऐकू येतं. सासूही पदर तोंडाला लावते. बांगड्या किणकिणतात. पोर झोपतं.

दुसरं घोडं इथं आलं. पुढची सगळी अशीच आली असणार: कुणाला तरी झोप येत नव्हती म्हणून, कुणाच्या पानात मिलो होती म्हणून, कुणी कोपीत शिरत नव्हतं म्हणून.

चला, परत. संध्याकाळ झालीय. बापानं कडब्याची पेंढी पेटवलीय आणि तो ती घेऊन पिकातून फिरतोय. काकांचा डोळा लागलाय. माझ्या बहिणीची लेक बारावीला आहे. सकाळपासून कुणाशी बोललेली नाही. ती तुमच्या शेजारी येऊन बसते. पाहुण्यांना ही गोष्ट माहीत नसणार असं तिला वाटतं, म्हणून ती हळूच विचारते, “तुम्हाला काय वाटतं, किती घोडी असतील?”

तिचा चेहरा नीट बघा. मग सांगा. एक वाढवून सांगा.