कोकणच्या कातळावरील चित्रे आणि त्यांचे जतन

उत्खनन हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक खड्डा उभा राहतो. दोऱ्या ताणून आखलेले चौकोन, थराथरांवर लावलेल्या चिठ्ठ्या, टोपल्यांतून वर येणारी माती आणि त्या मातीत सापडणारी खापरे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही नावे ज्यांच्या कानांवरून गेली आहेत, त्यांस पुराणवस्तू ही जमिनीच्या पोटात असते आणि कोणीतरी ती खणून काढावी लागते, असे वाटणे स्वाभाविक आहे. आज आम्ही ज्या शोधाविषयी बोलणार आहोत, तो या कल्पनेत बसत नाही. येथे कोणी कुदळ मारली नाही. वस्तू उघड्यावर होती. ऊन-पाऊस खात होती, तिच्यावरून गुरे चरावयास जात होती, आणि तरी विद्वानांच्या नकाशावर तिचा पत्ता नव्हता.

सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत जांभ्या दगडाची उंच, सपाट पठारे आहेत. कोकणात त्यांस सडा म्हणतात. पावसाळ्यात सडा गवताने झाकून जातो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि चैत्र-वैशाखात काळा, तापलेला कातळ तेवढा उरतो. भात पिकत नाही, विहीर लागत नाही. सरकारी दप्तरात त्याची गणना पडीक जमिनीत. अशा या सड्यांवर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या मुलखात, कातळ कोरून काढलेली चित्रे आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरांच्या आसपास ठिकाणी मिळून हजाराच्या वर आकृती मोजल्या गेल्या आहेत.

यांपैकी गोव्यातील कुशावती नदीकाठच्या पानसायमळची चित्रे १९९३ साली अभ्यासकांपुढे आली. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी २००१ च्या सुमारास या कामाला हात घातला. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांचे सहकारी सुटीच्या दिवशी सडे तुडवीत, गावोगावच्या वृद्धांस आणि गुराख्यांस विचारीत हिंडले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी पुढे त्यांच्याबरोबर या कामात लक्ष घातले. येथे एक गोष्ट मनमोकळेपणाने कबूल केली पाहिजे. 'शोध' हा शब्द आपण नगरवासी वापरतो. गावकऱ्यांच्या दृष्टीने काहीच हरवलेले नव्हते. पांडव येथे राहून गेले, त्यांनी एका रात्रीत हे कोरले, असे सांगून त्यांनी त्या चित्रांची व्यवस्था आपल्या परीने केव्हाच लावून टाकली होती.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती घ्या. हा हत्ती सुमारे ६० फूट लांब आणि ४० फुटांहून अधिक रुंद आहे. ज्या सभागृहात आपण व्याख्याने ऐकतो, त्याची जमीन बहुधा त्याला पुरणार नाही. त्याच्या अंगाच्या आत पुन्हा दुसरे प्राणी कोरलेले आहेत, आणि त्यांत समुद्रातील मासेही आहेत. मौज अशी की, जवळ उभे राहिले असता हत्ती दिसतच नाही. इंच-दोन इंच खोल अशी एक चर पायांशी दिसते आणि ती कोठेतरी वळून जाते. सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हे तिरपी असताना, चरीत सावली भरते आणि मग रेघेला रेघ जुळून आकार उभा राहतो. ज्याने हा हत्ती काढला, त्यालाही तो वरून एकदम पाहता आला नसावा. त्याच्या मनात मात्र तो पुरता होता.

इतर ठिकाणी वाघ आहेत, हरणे आहेत, मोर, कासव, मुशी आणि पाकट आहेत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ नक्षीने भरलेला एक मोठा चौकोन आहे. बारसूला एक मनुष्याकृती असून तिच्या दोहो बाजूंस वाघ आहेत. मोहनजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांशी झुंजणारी आकृती आहे खरी, आणि तेवढ्यावरून काही उत्साही मंडळींनी कोकणचा सिंधू संस्कृतीशी सोयरसंबंध जुळवून टाकला. आम्हांस ही घाई मान्य नाही. मनुष्य आणि वाघ ज्या देशात शेजारी राहत आले, तेथे हे चित्र दोन ठिकाणी दोघांना सुचणे काही अशक्य नाही.

मग ही चित्रे किती जुनी? सर्वांत कठीण प्रश्न हाच. चित्रांत नांगर नाही, पेरणी नाही, पिकाची खूण नाही. प्राण्यांची मात्र रेलचेल आहे. तेव्हा ही शिकार करून व मासे मारून जगणाऱ्या लोकांची कृती असावी, निदान त्यांतील बरीचशी, आणि ती दहा हजार वर्षांच्या घरात जावी, असा पुष्कळ अभ्यासकांचा कल आहे. काही जण याहूनही मागे जातात. सारी चित्रे एकाच काळची नसावीत, हेही दिसते. पानसायमळच्या खडकावर बैल आहेत आणि एक चक्रव्यूहासारखी गुंतागुंतीची आकृती आहे, तिची जात निराळी वाटते. कोकणात आज नसलेला गेंडा काही सड्यांवर आहे, यावर पुष्कळ भर दिला जातो. गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलिया यांना मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले होते, हा पुरावा वजनदार आहे. परंतु गेंडा हा साक्षीदार जरा बेभरवशाचा. सोळाव्या शतकात बाबराने सिंधूच्या परिसरात गेंड्यांची शिकार केल्याचे त्याच्याच आत्मचरित्रात आहे. एकट्या गेंड्याच्या साक्षीवर दहा हजार वर्षे उभी करता येत नाहीत.

इनामगावला १९६८ पासून जे उत्खनन झाले, त्यात घराच्या जमिनीवर जमीन सापडली, चुलीतील कोळसा मिळाला, आणि कोळशावरून काळ काढता आला. सड्यावर माती नाही, थर नाही, कोळसा नाही. कातळात कोरलेल्या रेघेला स्वतःचा काळ सांगता येत नाही. तो काळ तिच्या आसपास शोधावा लागतो. शेजारच्या उतारावर वाहून गेलेल्या मातीत दगडी हत्यारे मिळतात काय, जवळ एखादी गुहा आहे काय, पावसाळ्यानंतरही पाणी टिकणारे तळे कोठे होते, समुद्र किती दूर होता, यांतून तो काढायचा. म्हणून आम्ही म्हणतो की, चित्र हे पुराव्याचे एक पान आहे आणि बाकीची पोथी म्हणजे तो सडा. जतनाचा विचार करताना नेमके हेच विसरले जाते.

सड्यावर संकट आहे ते कोणत्या दुष्ट मनुष्यापासून नव्हे. जांभा दगड ताजा असता कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने हे मलबारात पाहिले आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्यास लॅटेराइट असे नाव दिले. त्याचा ग्रंथ १८०७ साली प्रसिद्ध झाला. कोकणी माणसास हे सांगण्यास बुकॅननची गरज नव्हती. त्याचे घर, त्याचा गडगा, त्याच्या विहिरीचे बांधकाम, त्याचे देऊळ, सारे चिऱ्याचे. पूर्वी चिरा हाताने निघे, तेव्हा एक खाण वर्षानुवर्षे पुरे. आता यंत्राची करवत फिरते आणि खाण पाहता पाहता वाढते. आणि या ऋतूत आपण ज्या हापूस आंब्याची वाट पाहतो, त्याची पुष्कळशी कलमे कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरची माती भरून लावलेली आहेत. रस्ता रुंद होतो, तोही सड्यावरून. यांतले कोणतेही काम पाप नाही. ज्याच्या नावावर नापीक कातळाखेरीज काही नाही, त्याने चिरे विकले तर त्यास दोष कोणी द्यावा? त्यातून हे सडे बहुतेक खाजगी मालकीचे. एकेका सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे इतकी की, संमती घ्यावयाची तर निम्मे हिस्सेदार मुंबईत शोधावे लागतात.

आपले कायदे वास्तू डोळ्यांपुढे ठेवून झाले आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे केंद्राने संरक्षिलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. देवळाला किंवा किल्ल्याला हे ठीक आहे; त्याची भिंत कोठे संपते हे दिसते. पण मैलोगणती पसरलेल्या सड्यावर, जेथे एक आकृती येथे आणि दुसरी फर्लांगभर पलीकडे, तेथे मोजपट्टी कोठून धरावयाची? बारसूला हा प्रश्न उघडा पडला. तेथे तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती-परीक्षण सुरू झाले आणि मोठे आंदोलन झाले. कारखाना असावा की नसावा, हा आमच्या विषयाबाहेरचा वाद आहे. परंतु चित्रांची जागा तेवढी वगळू, असे आश्वासन त्या वेळी देण्यात आले, ते मात्र विषयातले आहे. आश्वासन सद्भावनेचे होते असे धरून चालू. तरीही वगळावयाची ती जागा कोणती? चरीच्या कडेपर्यंतची, की ज्या उतारावर हत्यारे सापडण्याचा संभव आहे तेथपर्यंतची? बारसूसह नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, हा मोठा मान झाला. पण यादीत नाव असल्याने सातबारा बदलत नाही.

काही गावांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. रत्नागिरी तालुक्यातील उक्षीच्या सड्यावर एक हत्ती आहे. त्याच्याभोवती गोल गडगा घातला आहे आणि चढून पाहण्यासाठी उंच जागा केली आहे, त्यामुळे चित्रावर पाय न देता ते पुरते पाहता येते. गडगा अर्थातच चिऱ्याचा आहे. आपल्या श्रोत्यांपैकी कोणी या उन्हाळ्यात त्या बाजूस गेले, तर त्यांनी ऊन उतरल्यावर त्या उंच जागी उभे राहावे. हत्ती पाहून झाला म्हणजे तोंड फिरवून गडग्याबाहेरचा सडाही पाहावा. अजून बराचसा कोणी नीट पाहिलेला नाही.