हार्ट अटॅकनंतर गोळ्या नियमित घेतल्या का, हे मोजतात कसं?

पेशंट औषधं किती नियमित घेतो हे आकड्यात सांगायला ‘पीडीसी’ वापरतात, म्हणजे ‘प्रपोर्शन ऑफ डेज कव्हर्ड’. 180 दिवसांपैकी 126 दिवस पुरतील एवढ्याच गोळ्या विकत घेतल्या असतील, तर पीडीसी 70 टक्के. 80 किंवा त्याहून जास्त असेल तर पेशंट नियमित धरतात.

गोम अशी की हा आकडा खरेदीवरून निघतो, गोळी पोटात गेली का हे त्याला कळत नाही. शिवाय अ‍ॅडमिट असतानाचे दिवस हिशोबात वेगळे काढावे लागतात, कारण तेव्हा औषध हॉस्पिटल देतं. नाहीतर पेशंट विनाकारण अनियमित दिसतो. अमेरिकेत विम्याच्या नोंदींतून हा डेटा तयार मिळतो. सांगलीत आपण रोख देऊन स्ट्रिप आणतो, त्यामुळे बिलं जपली तरच हिशोब जमतो.

मी आमच्या आजोबांची बिलं जपली. बीपीची गोळी त्यांनी वर्षानुवर्षं चुकवली नव्हती. मिरजेत अँजिओप्लास्टी झाली आणि एकदम सात औषधं आली. मला वाटलं होतं, एवढं घाबरल्यावर माणूस आणखी काटेकोर होईल. महिनाभर झालेही. मग “आता बरं वाटतंय की” सुरू झालं. त्यात जुन्या डब्यातली अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि नवीन ब्रँडची तीच गोळी, दोन्ही घेत होते! पीडीसीत हे छानच दिसलं असतं.

खरी भीती रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. स्टेंट नवा असताना अ‍ॅस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी (क्लोपिडोग्रेल वगैरे) मनाने बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. ती कधी थांबवायची, हे हृदयाचे डॉक्टरच सांगतील.

मग अ‍ॅप टाकून द्यायचं का? अमेरिकेत ‘हार्टस्ट्राँग’ प्रयोगात अटॅक येऊन गेलेल्या 1509 जणांपैकी काहींना इलेक्ट्रॉनिक झाकणाच्या बाटल्या, लॉटरीची बक्षिसं आणि घरच्यांची साथ दिली. 2017 साली निकाल आला, फारसा फरक नाही. उलट भारतातल्या 14 हॉस्पिटलांमधल्या ‘स्प्रेड’ अभ्यासात आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्या गटात 97 टक्के पेशंट नियमित दिसले, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात 92 टक्के.

आमच्याकडे अ‍ॅप पंधरा दिवस टिकलं. आता जुना डबा रिकामा केलाय, डिस्चार्ज कार्डावरून एकच यादी कपाटाला चिकटवलीय, आणि रोज रात्री आजी रिकामी स्ट्रिप बघायला मागते.